स्पॅनिश गोगलगायीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी एका गोगलगायीचे कूळ शोधत बसलो, तेही माझीच एक चूक निस्तरण्यासाठी.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात परक्या जीवजातींवर माझे व्याख्यान झाले. विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. शिकलो ते जुनी पुस्तके आणि हाती लागतील ते शोधनिबंध वाचून. युरोपातल्या भाजीमळ्यांचा फडशा पाडणारी तांबूस-तपकिरी, बिनशंखाची गोगलगाय १९५०नंतर स्पेन-पोर्तुगालकडून मालाबरोबर उत्तरेला पसरली, असे मी ठासून सांगितले. व्याख्यान संपल्यावर एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारले, “पण स्पेनमध्ये ती सापडते का हो?” मला उत्तर देता आले नाही.

घोटाळा नावापासून सुरू होतो. १८६८ साली माबिय या फ्रेंच अभ्यासकाने पोर्तुगालमधल्या एका गोगलगायीला ‘आरिऑन लुसिटानिकस’ असे नाव दिले. लुसिटानिया हे त्या मुलखाचे रोमन काळातले नाव. १९५५च्या सुमारास व्हान रेख्टेरेन आल्टेना या डच अभ्यासकाने फ्रान्समधल्या गोगलगायींना तेच नाव लावले. पुढे मध्य युरोपात, १९७५ साली स्वीडनमध्ये आणि १९८८ साली नॉर्वेत तिची नोंद झाली, ती याच नावाने. नाव दक्षिणेचे, तेव्हा प्राणीही तिकडचाच, असे सगळ्यांनी गृहीत धरले. जर्मनीत ती ‘स्पॅनिश’ झाली, स्वीडनमध्ये ‘खुनी गोगलगाय’.

या गोगलगायींचा रंग वयाप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी जात ओळखणे कठीण. म्हणून अभ्यासक त्यांचे विच्छेदन करून जननेंद्रियांची ठेवण पाहतात. १९९०च्या दशकात पोर्तुगालमधल्या गोगलगायी अशा तपासल्या, तेव्हा त्यांची ठेवण मध्य युरोपातल्या तथाकथित लुसिटानिकसशी जुळेना.

याआधीच प्रथिनांनी एक वेगळी वाट दाखवली होती. गोगलगायीच्या ऊतींचा अर्क जेलमध्ये ठेवून त्यातून वीज सोडली, की प्रथिने आपापल्या विद्युतभाराप्रमाणे कमी-अधिक अंतर सरकतात. रंग दिला, की त्यांचे पट्टे दिसतात. १९८० साली मॅक्रॅकन आणि सिलँडर या अमेरिकी संशोधकांनी अशा पट्ट्यांवरून दाखवले, की आरिऑनच्या काही जाती स्वतःच स्वतःचे फलन करतात आणि त्यांची अख्खी वस्ती एकाच जनुकीय साच्याची असू शकते. अशी एक गोगलगाय कुंडीतल्या मातीतून गेली, तरी नवी वस्ती उभी राहू शकते. मात्र या पद्धतीला मर्यादा होती. डीएनएमधले जे बदल प्रथिनाचा भार बदलत नाहीत, ते पट्ट्यांत दिसतच नाहीत. कुळाचा माग काढायला डीएनएच वाचावा लागणार होता.

२०१४ साली मार्कुस फेनिंगर आणि सहकाऱ्यांनी तो वाचला. मध्य युरोपाबाहेर न सापडणारे अनेक जनुकीय नमुने तिथल्या गोगलगायींत निघाले. स्पेनकडून अलीकडे आल्याची खूण काही मिळेना. ती मध्य युरोपातलीच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २०१६ साली मिरियम झेमानोव्हा आणि सहकाऱ्यांनी आणखी व्यापक नमुने तपासले. सर्वाधिक विविधता फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीत आढळली, म्हणून उगम बहुधा तिथला, असे त्यांनी मांडले. आज ती ‘आरिऑन वल्गारिस’ या नावाने ओळखली जाते. हे नाव १८५५चे, म्हणजे माबियच्याही आधीचे. अर्थ ‘नेहमीची, सामान्य’. २०२२ साली तिचा संपूर्ण जीनोमही प्रसिद्ध झाला: सुमारे दीड अब्ज अक्षरांचा, २६ गुणसूत्रांत मांडलेला.

पत्ता चुकला होता म्हणून मळ्यातले नुकसान काही कमी होत नाही. स्कँडिनेव्हियात ती खरोखरच नवखी आहे. स्थानिक जातींशी तिचा संकर होतो आणि त्या मागे हटतात, हेही झेमानोव्हा यांच्या गटाने दाखवले आहे. पण चुकीच्या पत्त्याची किंमत असते. शत्रू स्पेनकडून येतो असे मानले, की नजर दक्षिणेच्या सीमेवर राहते आणि शेजारच्या रोपवाटिकेतली कुंडी कोणी तपासत नाही. नॉर्वेने तिचे ‘इबेरियाची’ हे विशेषण काढून ‘तपकिरी’ असे साधे नाव घेतले, ते मला म्हणूनच शहाणपणाचे वाटते.

वाचनालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात माझ्या व्याख्यानाचा सारांश छापलेला आहे. त्यातले ‘स्पेनमधून आलेली’ हे शब्द दुरुस्त करावेत, असे पत्र मी देऊन आलो. या लेखाची प्रत त्या शिक्षिकाबाईंना नेऊन द्यायची आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला जरा उशीरच झाला.