प्रतिमा-विभाजनातील आकारज्ञान : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक : प्रतिमेतील वस्तू सीमारेषा आखून पार्श्वभूमीपासून वेगळी करणे म्हणजे प्रतिमा-विभाजन होय. वैद्यकीय प्रतिमांत हे काम विशेष कठीण असते. कारण शेजारच्या ऊतींची करडी छटा पुष्कळदा सारखीच असते व सीमा मध्येच पुसट होते. अशा ठिकाणी तज्ज्ञ अवयवाच्या परिचित आकारावरून तुटलेली रेषा मनाने पूर्ण करतो. हे आकारज्ञान संगणकाला कसे देण्यात आले, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

विकासाचे टप्पे : १९७९ मध्ये नोबुयुकी ओत्सू यांनी मांडलेली पद्धत केवळ करड्या छटांच्या वितरणावर आधारलेली होती; आकाराला तीत स्थान नव्हते. १९८७ मध्ये कास, विट्किन व टर्झोपौलस यांनी 'स्नेक' ही लवचीक वक्ररेषा मांडली. ती प्रतिमेतील कडांकडे ओढली जाते व स्वतःचा गुळगुळीतपणाही राखते. परंतु हृदयाचा आकार कसा असतो, हे तिला ठाऊक नव्हते. ही उणीव मँचेस्टर विद्यापीठातील कूट्स, टेलर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'ॲक्टिव्ह शेप मॉडेल'द्वारे दूर केली. अनेक नमुन्यांवर परस्परांशी जुळणारे बिंदू नोंदवून सरासरी आकार व त्यातील बदलांच्या मुख्य दिशा संख्याशास्त्राने काढल्या गेल्या आणि शोध त्या मर्यादेत ठेवला गेला. लेव्हेंटन, ग्रिमसन व फोजेरास यांनी २००० मध्ये सीमेपासूनच्या अंतराचे फलन वापरून हीच कल्पना लेव्हल सेट पद्धतीत आणली. त्यामुळे बिंदू जुळविण्याचे क्लिष्ट काम टळले.

मर्यादा : आकारज्ञान पुसट प्रतिमेत आधार देते, तथापि ते नमुन्यांबाहेरचा आकार स्वीकारत नाही. अर्बुदाने विकृत झालेला अवयव अशा वेळी सरासरीकडे ओढला जातो, म्हणजे ज्या विकृतीच्या शोधासाठी प्रतिमा घेतली तीच पुसली जाण्याचा धोका असतो. १९९५ च्या प्रतिमानात ही मर्यादा संख्येने लिहिलेली असल्याने ती तपासता व सैल करता येत होती. २०१५ मध्ये फ्रायबर्ग येथे विकसित झालेल्या 'यू-नेट'सारख्या पद्धतींत आकारज्ञान जाळ्याच्या असंख्य गुणांकांत विखुरलेले असते. तेथे अशी तपासणी अवघड ठरते.

निष्कर्ष : या इतिहासात आकारज्ञान अधिक समर्थ झाले, पण अधिक अदृश्यही झाले. म्हणून विभाजनाची अचूकता सांगताना 'नमुने कोणाचे होते?' या प्रश्नाचे उत्तर देणेही अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.