कॅम्पर ट्रेलरमधील फ्रिज

मोटारीमागे ओढायच्या, तंबू आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या ट्रेलरमध्ये बसवलेला, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा सुटा फ्रिज. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम, कोरड्या भागांत मुक्कामी जाणाऱ्यांमध्ये तो विशेष रूढ आहे. साधारण 40 ते 60 लिटरची, वरून उघडणारी ही पेटी ट्रेलरच्या कप्प्यात सरकत्या ट्रेवर पट्ट्यांनी आवळून ठेवतात. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती बरीचशी आतच राहते. विकत घेताना सगळी चर्चा कंपनीची आणि किमतीची होते. प्रवासात मात्र फ्रिज दगा देतो तो बहुधा जोडणीमुळे. वायर बारीक आणि कप्पा बंदिस्त असेल, तर महागातला फ्रिजही दूध नासवतो. प्रश्न केवळ गार पाण्याचा नाही. मांस, दूध 5 अंश सेल्सिअसच्या आत राहायला हवे, आणि न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत. जवळचे दुकान शेकडो किलोमीटर दूर असताना ही अट मोडून चालत नाही.

अशा फ्रिजचा कंप्रेसर चालू असताना 4 ते 5 अँपिअर वीज घेतो. तो थांबून थांबून चालत असल्याने उन्हाळ्यात दिवसाचा खर्च 30 ते 45 अँपिअर-तासांच्या घरात जातो. बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून त्यात व्होल्टेज मोजणारी यंत्रणा असते. डॅनफॉसने विकसित केलेल्या आणि पुढे सेकॉप नावाने बनू लागलेल्या ‘बीडी 35’ या कंप्रेसरचा नियंत्रक मूळ मांडणीत 10.4 व्होल्टला बंद होतो आणि 11.7 व्होल्ट मिळाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. बऱ्याच फ्रिजमध्ये हे संरक्षण याहून वरच्या व्होल्टेजवर ठेवण्याचीही सोय असते. हे व्होल्टेज बॅटरीपाशी मोजले जात नाही, फ्रिजपाशी मोजले जाते. सगळी गोम इथेच आहे. मोटारीच्या बॉनेटखालील बॅटरीपासून ट्रेलरच्या कप्प्यापर्यंत 7 मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन 14 मीटर तांबे लागते. ऑस्ट्रेलियात ‘4 मिलिमीटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोटार-वायरीत ते माप आवरणासकट व्यासाचे असते. आत तांबे जेमतेम 1.84 चौरस मिलिमीटर. तिच्यातून 5 अँपिअर गेले की सुमारे 0.67 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. लायटर सॉकेटच्या ढिल्या स्प्रिंगमध्ये आणखी थोडे जातात. परिणामी रात्री बॅटरी 12 व्होल्टच्या आसपास असताना, म्हणजे तिच्यात वीज शिल्लक असतानाही, संरक्षण वरच्या पायरीवर असलेला फ्रिज बंद पडतो. 13.5 चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर हीच घट 0.1 व्होल्टच्याही खाली येते. बॅटरी ट्रेलरमध्येच फ्रिजशेजारी ठेवणे त्याहून चांगले. फ्यूज मात्र बॅटरीलगतच हवा.

हवेची बाजू याइतकीच महत्त्वाची, आणि तिकडे दुर्लक्ष जास्त होते. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. ती कप्प्यातच कोंडली तर कंप्रेसर स्वतःच्याच गरम हवेशी झगडत राहतो. म्हणून एक जाळी खाली आणि दुसरी वर, समोरासमोरच्या बाजूंना असावी. कच्च्या रस्त्यावर अशा जाळ्यांतून लाल धूळ आत येते, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय चाकांपासून दूर जाळी आणि धुता येणारी फोमची गाळणी. भोके बुजवणे हा नव्हे.

गॅसवर चालणारा शोषण-फ्रिज घेतला की विजेची कटकटच मिटते, असे म्हणतात. प्लाटेन आणि मुन्टर्स या स्वीडिश अभियंत्यांनी 1922 मध्ये शोधलेली ही पद्धत खरोखर निःशब्द आणि टिकाऊ आहे. पण तिला ट्रेलर सपाट उभा लागतो, कडक उन्हाळ्यात ती मागे पडते, आणि 12 व्होल्टवर चालवली तर कंप्रेसरच्या दुपटीहून अधिक वीज खाते. सौर पॅनेलवर भिस्त ठेवणाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. 120 वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाची गरज जवळपास भागवते. मात्र पॅनेलने बॅटरी भरते, बारीक वायरीतली घट भरून निघत नाही. दोन दिवसांच्या सहलीला बर्फाची पेटी पुरते, हे मात्र निर्विवाद मान्य करावे: 10 किलो बर्फ वितळताना सुमारे 0.93 किलोवॉट-तास उष्णता शोषून घेतो. आठवडाभर लांब जायचे असेल तेव्हाच फ्रिजचा खर्च सार्थकी लागतो.

फ्रिज वारंवार बंद पडत असेल तर नवा घेण्याआधी कंप्रेसर चालू ठेवून बॅटरीपाशी आणि फ्रिजच्या प्लगपाशी व्होल्टमीटर लावून पाहावा. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक निघाला तर वायर बदलावी, फ्रिज नव्हे.