कुनोबाईंचा पियानो

आपल्या शाळेतली बाजाची पेटी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. पट्टी हळू दाबा की जोराने आपटा, आवाज तेवढाच. तो वाढतो अन् कमी होतो तो भात्याने. पियानोचे तसे नाही बरं का. त्याच्या पोटात तारा ताणलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीमागे लोकरीच्या नमद्याने मढवलेली एक लहानशी लाकडी हातोडी असते. बोट पट्टीवर जसे पडेल तशी हातोडी तारेवर पडते. म्हणून पियानो शिकणाऱ्याची उमेदीची वर्षे बोट कसे टाकावे, मनगट सैल कसे ठेवावे, खांद्याचे वजन बोटाच्या टोकापर्यंत कसे आणावे, ह्यातच जातात. हे आधी सांगून ठेवतो, कारण ज्या बाईंची हकीकत आज सांगायची आहे, त्यांच्या आयुष्याचा पेच नेमका इथेच आहे.

त्यांचे नाव कुनो हिसा. जपानात आडनाव आधी आणि नाव मागून. १८८६ साली बिवा सरोवराच्या काठी, ओत्सू ह्या गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणी देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून पडल्यामुळे पाय अधू झाला, तो कायमचा. आईबाप लवकर गेले. लंगडी, पोरकी मुलगी. हिचे पुढे कसे व्हायचे, ही काळजी तिकडेही आपल्यासारखीच. निदान हातात काही कला असावी म्हणून नातलगांनी तिला आधी देशी वाद्ये शिकवली. कोतो नावाचे लांबलचक तंतुवाद्य ती वाजवी.

त्या काळी जपानचे सरकार पाश्चात्त्यांची विद्या मोठ्या घाईने आपलीशी करीत होते. आगगाडी, तोफा, टपाल, तसेच संगीतसुद्धा! १८८० साली बोस्टनहून मेसन नावाचे शिक्षक बोलावून शाळांतून गाणी शिकवायला सुरुवात झाली आणि १८८७ साली तोकियोची सरकारी संगीतशाळा उभी राहिली. त्याच साली हामामात्सूच्या एका प्राथमिक शाळेतला बिघडलेला ऑर्गन यामाहा तोराकुसू नावाच्या कारागिराने दुरुस्त केला आणि तसाच दुसरा करायला घेतला. १९०० साली त्याच्या कारखान्यातून पियानो बाहेर पडला. म्हणजे बघा, वाद्य तेरा वर्षांत तयार झाले. पण हात? हात कारखान्यात होत नाही.

१९०१ साली हिसा त्या संगीतशाळेत दाखल झाली. वय पंधराच्या आसपास. युरोपातली मुले ज्या वयात मैफलीत बसू लागतात, त्या वयात हिची पियानोशी पहिली ओळख! वर्गात ती मागे होती. मग तिने एकच मार्ग धरला, कष्टाचा. दिवसदिवस सराव, बोटे फुटेपर्यंत सराव. रक्ताचे डाग पट्ट्यांवर पडत, अशी आख्यायिका तिच्याविषयी तिकडे प्रसिद्ध आहे. आख्यायिकेतला किती भाग खरा हे सोडून देऊ. पण शिकवणाऱ्या माणसाला ती वाचून थोडी धास्ती वाटायला हवी. बोट फुटते तेव्हा पुष्कळदा दोष मेहनतीत नसतो, बोट टाकण्याच्या रीतीत असतो. ते कोणीतरी जवळ बसून वेळीच सांगावे लागते.

ते सांगितले गेले नाही, किंवा पुरेसे गेले नाही. तरी मुलगी पुढे आली. पदवी घेतली, त्याच शाळेत शिकवू लागली, १९१७ साली प्राध्यापिका झाली. मध्यंतरी मोटारीच्या अपघातात जबर जखमी होऊन पुन्हा उभी राहिली. १९१८ च्या डिसेंबरात कुनोबाईंनी तोकियोत केवळ बेटहोव्हनच्या रचनांची मैफल केली. नुसत्या एका जर्मन संगीतकाराच्या सोनाटा ऐकायला माणसे लोटली. किमोनो घालून बाई वाजवायला बसत आणि अशा आवेशाने वाजवीत की केसांतल्या पिना निसटून पडत म्हणे. लोक भारावून जात. आपला देश ह्याही विद्येत मागे नाही, असे त्यांना वाटे. एका बाईच्या दहा बोटांवर केवढे हे ओझे!

१९२३ साली त्या युरोपला निघाल्या. वय छत्तीस. बर्लिन आणि व्हिएन्ना ही ह्या संगीताची पंढरी. तिथे त्यांनी मोठमोठ्यांचे वादन ऐकले आणि एवढा आवेश न करता तोच पियानो कसा गातो हे पाहिले. शेवटी त्या एमिल फॉन साउअर ह्या नामांकित वादकाकडे गेल्या. हे गृहस्थ प्रत्यक्ष लिस्टचे शिष्य. त्यांनी वादन ऐकले आणि पहिल्यापासून, अगदी प्राथमिक धड्यांपासून पुन्हा शिकावे लागेल असे सांगितले. सल्ला कदाचित योग्यही असेल. पण वीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात शून्य झाली आणि मायदेशी तर लोक कीर्तीची वाट पाहत बसलेले. २० एप्रिल १९२५ रोजी व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी कुनोबाईंनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. वय अडतीस.

काही जण म्हणतात, बाईंना वादन येतच नव्हते. मला हे पटत नाही. त्यांच्या वादनाची जुनी तबकडी शिल्लक आहे. तिच्यात चुका आहेत, घाई आहे, पण बेटहोव्हन काय म्हणतो आहे हे ह्या बाईला उमगले होते, ह्यात शंका राहत नाही. ज्या शाळेने त्यांना घडवले ती शाळाच तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. तिच्याजवळ जेवढे होते तेवढे तिने दिले.

पुढे चार वर्षांनी, १९२९ मध्ये, लिओ सिरोटा हे कसलेले वादक जपानात आले आणि तोकियोच्या त्याच संगीतशाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. हारा चिएको नावाची मुलगी वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी फ्रान्सला गेली आणि पॅरिसमध्ये शिकली. १९३७ साली वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत ती वाजवायला बसली. निकालात तिला बक्षीस नाही असे कळताच सभागृहातल्या श्रोत्यांनी गलका केला, आणि तिच्यासाठी एक खास पारितोषिक जाहीर करावे लागले. कुनोबाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.