कोकणातल्या तिसऱ्या

कोकणात तिसऱ्या, कालवं, खुबे ही शिंपल्यांतली मासळी पिढ्यान्‌पिढ्या होडी-जाळ्यावाचून मिळत आली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोलवर जाते, खाडीतले वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि बायका चिखल चाचपत तिसऱ्या वेचतात. कालवं खडकाला घट्ट चिकटलेली. ती लोखंडी हत्याराने फोडताना हात हमखास कापतात.

स्वयंपाकात खरा मान तिसऱ्यांच्या एकशिपीचा. तिसऱ्या पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात. मग विळीवर एकेक उघडून सगळं मांस एका शिंपीत राखायचं, दुसरी टाकायची. आतलं खारं पाणी निवळून रश्श्यात घालतात, म्हणून मीठ जपूनच. ओलं खोबरं, आमसूल, लाल तिखट हा आजचा थाट. त्यातली मिरची मात्र पोर्तुगीजांमागोमाग सोळाव्या शतकात आली, त्याआधी तिखटपणा मिरीचा. शिंपी हातात धरून चोखल्याशिवाय एकशिपी खाल्ली असं म्हणूच नये.

रिकाम्या शिंप्याही वाया जात नसत. भट्टीत भाजून त्यांचा चुना होई, तो बांधकामाला लागे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदानं काचेऐवजी खिडक्यांना बसत; जुन्या घरांत ती अजून दिसतात.

तोंड उघडं टाकून मेलेली तिसरी कोकणी घरात बाजूला काढतात. समुद्रापासून लांबच्या ठिकाणी म्हणूनच ही मासळी जपून आणावी लागते. मंगळुरूकडे ती 'मरवाई' म्हणून खोबऱ्यात सुकी करतात.