41 सामन्यांचं कार्ड

आज बेसबॉल, पण मैदानावरचा नाही, टेबलावरचा.

न्यूयॉर्कच्या हॅल रिचमननं 1961 साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा खेळ विकायला काढला. लहानपणापासून तो त्यावर डोकं लढवत होता. आपल्या बुक क्रिकेटमध्ये पान उघडलं की गावसकर काय आणि अकरावा गडी काय, दोघांचं नशीब सारखंच. रिचमनला नेमकं तेच नको होतं. त्याच्या खेळात प्रत्येक खेळाडूचं वेगळं कार्ड असतं, त्या मोसमातल्या खऱ्या आकड्यांवरून बनवलेलं. 3 फासे टाकायचे. पांढऱ्या फाशावर 1 ते 3 आलं तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर बघायचा, 4 ते 6 आलं तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. 7 ही बेरीज 36 पैकी 6 वेळा येते, 12 एकदाच. त्यामुळे होमरन कुठल्या ओळीत छापलाय, याला फार महत्त्व.

आता बॉब हेझल. साउथ कॅरोलायनाचा हा गडी वर्षानुवर्षं छोट्या लीगमध्येच फिरत होता. 1955 मध्ये सिनसिनाटीकडून 6 सामने मिळाले, बस. जुलै 1957 मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जचा बिल ब्रूटन जखमी झाला आणि हेझलला विचिटाहून बोलावणं आलं. पुढच्या 41 सामन्यांत 134 वेळा बॅटिंग, 54 हिट, 7 होमरन. सरासरी .403! .300 वाल्याला लोक डोक्यावर घेतात, त्या खेळात. 1954 च्या 'हेझल' चक्रीवादळावरून त्याला 'हरिकेन' म्हणायला लागले. पुढच्या वर्षी डोक्याला चेंडू लागला, सरासरी .179 वर आली, मे महिन्यात त्याला डेट्रॉइटला विकलं. त्या मोसमानंतर मोठ्या लीगमध्ये तो दिसलाच नाही. सगळे मिळून 110 सामने.

पण 1957 चं कार्ड 1957 चंच. आणि त्यात एक गंमत आहे. निम्मे निकाल पिचरच्या कार्डावरून येतात आणि ते साधारण असतात. मग एकूण .403 जमवायचं तर फलंदाजाचं स्वतःचं कार्ड त्याहून कितीतरी तेज लागतं. निम्म्याहून जास्त वेळा बेसवर पोचवणारं. असं कार्ड हातात आलं की कुणालाही मोह होणार, याला रोज खेळवावं. म्हणून बऱ्याच हौशी लीगमध्ये नियम असतो: खऱ्या मोसमात जितक्या वेळा बॅटिंग केली, साधारण तितकीच इथे. मला हा नियम फार आवडतो. कार्ड खोटं बोलत नाही हो, ते 134 प्रसंगांचीच साक्ष देतं. बाकीचं आपण त्याच्या तोंडी घालतो.

त्याच 1957 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रेव्ह्जनी यँकीजना हरवलं. हेझलनं तिथे 13 वेळा बॅटिंग केली, 2 हिट. कार्ड नियमित मोसमाच्या आकड्यांवर बनतं, त्यामुळे हे 13 त्यात धरलेलेच नाहीत. ती मालिका टेबलावर पुन्हा खेळायला बसलात, तर यँकीजच्या पिचरसमोर .403 वालाच उभा राहतो.