खरखर कोणाची?

रेडिओत खरखर आली की रेडिओच्याच डोक्यावर थाप मारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. थाप खाणारा बहुधा निर्दोष असतो. मिक्सर शेजारच्या घरात फिरत असतो, स्कूटर खाली रस्त्यावर सुरू होत असते, आणि शिक्षा मात्र ऐकणाऱ्या यंत्राला! आज घराच्या एका कोपऱ्यात संगणक, चार्जर, वायफायची पेटी अशी लहानशी कचेरीच थाटलेली असते. तेथेही हाच न्याय चालतो. या व्यत्ययाचा इतिहास आम्ही चाळू लागलो, तेव्हा तो विजेचा कमी आणि निस्तरायचे कोणी या भांडणाचा अधिक आहे असे दिसून आले.

मूळ गोष्ट साधी आहे. वीजप्रवाह झटक्याने तुटतो किंवा जुळतो तेथून रेडिओलहरी उठतात. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ साली त्या सिद्ध केल्या त्या ठिणग्या पाडूनच. म्हणजे ठिणगी ही रेडिओची जन्मदात्री; पण घरोघरी रेडिओ वाजू लागला तेव्हा ट्रामची, मोटारीची, पंख्याची ठिणगी त्याच्याच जिवावर उठली. १९३४ च्या जूनमध्ये पॅरिसला या प्रश्नावर एका आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक भरली. प्रत्येक देशाने खरखरीची वेगळी मर्यादा ठरविली तर यंत्रांच्या व्यापाराला अडथळा येईल, ही त्यामागची एक मोठी चिंता होती. व्यापार अडणार म्हटले की राष्ट्रे किती तत्परतेने एका टेबलाशी बसतात! असो. समिती टिकली आणि तिची मानके आजही चालतात.

घरगुती संगणक आला तो हा दोष अंगी घेऊनच. संगणकात प्रवाहाची उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते, आणि त्याच्या तारा अँटेनाचे काम करतात. १९७५ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे हौशी मंडळींच्या सभेत स्टीव्ह डॉम्पियर यांनी अल्टेअर नावाच्या संगणकाशेजारी साधा रेडिओ ठेवला आणि बीटल्सचे एक गाणे वाजवून दाखविले. संगणकाला ना पडदा होता, ना कर्णा. रेडिओतून निघत होती ती केवळ खरखर, हिशेबाने सुरात बसविलेली. सभा हरखून गेली.

शेजारी मात्र हरखले नाहीत, कारण त्यांच्या टेलिव्हिजनवर रेघा उमटू लागल्या. उपाय ठाऊक होता: यंत्राभोवती धातूचे कवच आणि तारेवर गाळणी. प्रश्न खर्चाचा होता. अटारीने १९७९ च्या संगणकांत ॲल्युमिनियमचे जाड ओतीव कवच घातले. ॲपलने टेलिव्हिजनला जोडण्याचा भाग आपल्या पेटीत ठेवलाच नाही; तो दुसऱ्या विक्रेत्याकडून वेगळा घ्यावा लागे, म्हणजे नियमाची कटकट त्याच्या माथी. ठेकेदारामार्फत कामगार भरणाऱ्यांची ही युक्ती आमच्या चांगल्या ओळखीची आहे! १९७९ साली अमेरिकेच्या संचार आयोगाने नियम केले. कारखान्या-कचेरीतील यंत्रांपेक्षा घरच्या यंत्रांना मर्यादा कडक ठेवली, कारण घरात शेजाऱ्याचा अँटेना भिंतीपलीकडेच असतो. टीआरएस-८० हा खूप खपलेला संगणक त्या नियमांत बसेना, म्हणून त्याची पहिली आवृत्ती बंद करावी लागली. कायदा नसता तर कवचाचे पैसे कोणी काढले असते?

आपल्या घरातील कीबोर्ड किंवा चार्जर उलटा करून पाहावा. अमेरिकेतही विकला जाणारा असेल तर पाठीवर वा सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत दोन अटी सापडतात: या यंत्राने घातक व्यत्यय करू नये, आणि बाहेरून येईल तो व्यत्यय, काम बिघडले तरी, सोसावा. करारनाम्यांतील बारीक अक्षरे वाचण्यात आमचे आयुष्य गेले. दुसरी अट वाचून प्रथम हसू आले, कारण गड्याला कामावर ठेवताना असेच बजावले जाते. पहिली अट मात्र मोलाची आहे. ती पाळायची तर कारखानदाराला चार सुटे भाग अधिक बसवावे लागतात, आणि अतिस्वस्त चार्जरमधून नेमके तेच गळतात. अशा चार्जरजवळ मध्यम लहरींवर आकाशवाणी लावून पाहावी, म्हणजे काटकसर कोठे झाली ते कानांनीच कळेल.

वेल्समधील ॲबरहोसन या खेड्यात तर दीड वर्ष रोज सकाळी सातला इंटरनेट मंदावे. कंपनीने लांबलचक केबल बदलली, तरी फरक पडेना. शेवटी २०२० साली अभियंते लहरी मोजण्याचे यंत्र हाती घेऊन, भर पावसात, पहाटे सहापासून गावभर हिंडले. सात वाजता खरखर उठली. तिचा माग एका घरापाशी पोहोचला. तेथे एक जुना, दुसऱ्या हाताने घेतलेला टेलिव्हिजन रोज त्याच वेळी लावला जात असे. घरमालक ओशाळले, आणि तो पुन्हा न लावण्याचे त्यांनी लगेच कबूल केले.