उपग्रहांद्वारे आण्विक घड्याळांची कालतुलना

उपग्रहांद्वारे कालतुलना म्हणजे एकमेकांपासून दूर असलेल्या आण्विक घड्याळांतील फरक कृत्रिम उपग्रहांच्या रेडिओ संदेशांवरून मोजण्याची पद्धती होय. समन्वित वैश्विक वेळ कोणत्याही एका घड्याळावर चालत नाही. जगभरातील ८०हून अधिक संस्थांच्या घड्याळांची अशी तुलना करून ती ठरवली जाते. भारतीय प्रमाणवेळ राखणारी नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा त्यांपैकी एक आहे.

रेडिओ संदेश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापतो. त्यामुळे घड्याळ कितीही अचूक असले, तरी मार्गातील विलंब ठाऊक नसेल तर तुलना व्यर्थ ठरते. हा विलंब कसा हाताळला जातो, यावरूनच पद्धतींचे प्रकार पडतात.

पद्धती

एकमार्गी पद्धतीत ग्राहकयंत्र उपग्रहाची वेळ थेट वाचते. ही सर्वांत स्वस्त पद्धती असली, तरी उपग्रहाचे घड्याळ, कक्षा आणि वातावरण यांतील साऱ्या त्रुटी उत्तरात उतरतात.

समदृष्टी पद्धती १९८०मध्ये ॲलन आणि वाइस यांनी मांडली. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे एखादे घड्याळ ठेवून त्याची दिल्लीशी तुलना करायची आहे, असे समजा. दोन्ही ठिकाणी एकाच क्षणी एकच उपग्रह पाहून वाचनांची वजाबाकी केली, की उपग्रहाच्या घड्याळाची त्रुटी नाहीशी होते. मे २०००पर्यंत अमेरिका जीपीएसच्या संदेशांत हेतुतः त्रुटी मिसळत असे. तिचा या पद्धतीला फारसा उपद्रव झाला नाही, तो याच कारणाने. दिल्ली-कुरुंदवाड अंतर सुमारे १,३५० किमी असल्याने २०,२०० किमी उंचीवरील अनेक उपग्रह दोन्हीकडून एकाच वेळी दिसतात. खंडांतरावर असे सामाईक उपग्रह कमी पडतात.

द्विमार्गी पद्धतीत दोन्ही केंद्रे भूस्थिर उपग्रहामार्फत एकमेकांना संदेश पाठवतात. जाण्यायेण्याचा मार्ग जवळजवळ एकच असल्याने विलंब वजा होतो. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम मात्र गणिताने काढावा लागतो. १९६२मध्ये टेलस्टार उपग्रहावरून असा प्रयोग झाला. १९८०च्या सुमारास दिल्ली आणि जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील घड्याळांची तुलना सिंफनी-१ उपग्रहामार्फत करण्यात आली. उपग्रहाची वाहिनी भाड्याने घ्यावी लागत असल्याने ही पद्धती मोजक्याच संस्थांना परवडते.

आयनांबराचा अडथळा

भारतात कालतुलनेची खरी कसोटी आयनांबरात लागते. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनांची घनता वाढलेले पट्टे तयार होतात. उत्तरेकडील पट्टा सामान्यतः मध्य भारतावर असतो. दिल्ली त्याच्या उत्तरेस, तर कुरुंदवाड दक्षिणेस येते. म्हणून दोन्हीकडील विलंब सारखा नसतो आणि वजाबाकीने जात नाही. एका वारंवारतेच्या यंत्रात ही चूक कित्येक नॅनोसेकंदांची असू शकते. दोन वारंवारता वापरल्यास तिचा बहुतांश भाग दूर होतो.

सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ प्लाझ्माचे बुडबुडे उठतात. कुरुंदवाडपासून सुमारे ४० किमीवरील कोल्हापुरातून रात्रीच्या आकाशदीप्तीच्या प्रतिमांद्वारे त्यांचा अभ्यास झाला आहे. बुडबुड्यांमुळे संदेश लुकलुकतो व वाहक तरंगाची मोजणी खंडित होते. म्हणजे एरवी सर्वांत सूक्ष्म ठरणाऱ्या वाहक-तरंग पद्धतीलाच येथे अधिक जपावे लागते. द्विमार्गी पद्धतीच्या उच्च वारंवारतांवर आयनांबराची उरलेली त्रुटी नॅनोसेकंदाहून कमी असते.

भारतीय यंत्रणा

नाविक प्रणालीची वेळ बंगळुरूजवळील ब्यालालू येथे राखली जाते. तिच्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे २०१६मध्ये निकामी झाली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ आहे.

पद्धती कोणतीही असो, यंत्रांचे अंशशोधन टळत नाही: अँटेनाच्या केबलचा एक मीटर सुमारे ५ नॅनोसेकंदांचा विलंब वाढवतो.